तीन अर्धे फेरे

१

"...तापली की अजूनही तस्संच करते म्हणे ती गाडी. आणि तो त्या दिवशी पडला ना, तेव्हा समोरून कुणीतरी सगळं बघत होतं. नुसतं बघत होतं आणि—"

आणि काय, ते दुर्बीणकाकूंना कळलंच नाही. शिंपीणबाईंच्या दुकानाच्या दारावरची घंटी नेमकी तेव्हाच किणकिणली आणि मापं घ्यायच्या पडद्याआडचं बोलणं दातानं दोरा तोडावा तसं तुटलं. पडद्यातून दोघी बाहेर आल्या. एकीच्या खांद्यावर मापाची टेप, दुसरीच्या चेहऱ्यावर नको तितकं हसू.

"अय्या, काकू! बसा ना. किती दिवसांनी!"

एरवी काकू बसल्या असत्या. अर्धवट गोष्ट म्हणजे त्यांना अर्धवट शिंकेसारखी. बाहेर आल्याशिवाय चैन पडायची नाही. दुसऱ्याच्या पोटातलं काढून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. पण आज त्यांनी उसवलेल्या दोन उशांच्या खोळी टेबलावर ठेवल्या, "घाई नाही, सावकाश शिवा," म्हणाल्या आणि आल्या पावली परतल्या. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

काकू नवऱ्यामागे एकट्याच राहत. खिडकीपाशी टेबल टाकून कागदी पाकिटं चिकटवायचं काम करत. हात खळीत आणि डोळे गल्लीत. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या दुधाची पिशवी दुपारपर्यंत दारातच राहिली, कुणाचा जावई तोंड पाडून गेला, सगळी खबर त्यांच्याकडे ताजी. त्यात वाईट काही नव्हतं. कुणी आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी काकू पोचायच्या, हे गल्लीला ठाऊक होतं.

समोरच्या घरात घड्याळवाले राहायचे. सत्तरीकडे झुकलेले, घड्याळं दुरुस्त करणारे, बोटांनी नाजूक आणि जिभेनं तिखट. वयानं मोठे असून सगळ्यांसारखं 'काकू'च म्हणायचे. एकदा भर गल्लीत म्हणाले, "काकू, खिडकीला दुर्बीण बसवून देऊ का? काच मी घासून देतो, फुकट." सगळे हसले, काकूही हसल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून मात्र काकू पडदा लावून घेऊ लागल्या. बोटभर फट ठेवून.

त्या फटीतून त्यांनी त्या दुपारी पाहिलं होतं. करड्या शर्टातले घड्याळवाले त्यांच्या जुन्या गाडीला हँडल मारत होते. गाडी त्यांच्याच वयाची म्हणायची. नाकाखालच्या भोकात लोखंडी हँडल घालून हातानं फिरवायची सोय असलेली. आत्ताच कुठूनशी फिरून आलेली, तापलेली, आणि तापली की सेल्फनं, म्हणजे किल्लीनं, सुरू व्हायची नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. तीन वेळा अर्धा फेरा, मग थांबून डावा तळवा पँटला पुसायचा, मग पुन्हा तीन. काकू मनात मोजत होत्या. गंमत वाटत होती.

मग ते उभे राहिले. बॉनेटवर एक हात टेकला, सरळ काकूंच्या खिडकीकडे पाहिलं आणि दुसरा हात वर केला.

पकडलं! काकूंच्या मनात एवढंच आलं. आता हा माणूस उद्या गल्लीभर सांगणार. त्यांनी पडदा सोडला, आत गेल्या आणि आपल्याला काहीतरी काम होतं असं स्वतःलाच पटावं म्हणून नळ सोडून भांडी विसळत बसल्या. पाव तासानं बाहेर गलका झाला. घड्याळवाले गाडीपुढे पडले होते, ते उठलेच नाहीत.

आठ महिने झाले त्याला. काकूंनी हे एका शब्दानं कुणाला सांगितलं नव्हतं. मग पडद्याआडच्या त्या बायकांच्या तोंडात 'कुणीतरी' आलं कुठून?

२

दुसऱ्या दिवशी सकाळी समोर गाडीवरची ताडपत्री निघाली.

घड्याळवाल्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. वहिनींनी मिस्त्री बोलावला होता. हा मिस्त्री जुन्याच गाड्या दुरुस्त करायचा; साठीचा, ढेरपोट्या, कानावर पेन्सिल. त्यानं किल्ली फिरवली आणि आठ महिने झोपलेली गाडी, नवी बॅटरी जोडताच, दोन मिनिटांत खोकून उठली.

"थंड असताना शहाण्यासारखी वागते," मिस्त्री म्हणाला. "तापली की हट्ट. घरोघरी असतंच तसं."

"तुमच्या घरी कोण तापतं, ते बघा आधी," काकू गल्लीतूनच बोलल्या. त्या केव्हा दाराबाहेर आल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"या की काकू! बरं झालं. मला आत बसून किल्ली फिरवायला माणूस हवाय. वहिनींचा हात थरथरतो. तुम्ही बसा. मी सांगेन तेव्हाच फिरवायची, मी सांगेन तेव्हाच सोडायची. जिभेसारखी सतत चालू नाही ठेवायची."

नाही म्हणायला कारण नव्हतं. खरं तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

मिस्त्री गाडी वीस मिनिटं फिरवून आला आणि घरापुढच्या शेडमध्ये लावून बंद केली. "आता दहा मिनिटं थांबायचं. बंद केल्यावर इंजिन आणखी तापतं. आत पाणी फिरायचं थांबतं ना, उष्णता कोंडते. रोग बाहेर काढायचा तर आधी ताप चढू द्यायला हवा."

काकू पहिल्यांदाच त्या गाडीत बसल्या. आत जुन्या चामड्याचा आणि ऑइलचा वास होता. स्टिअरिंगच्या चाकाला, जिथं हात धरायचा तिथं, काळा रंग झिजून आतलं फिकट दिसत होतं. त्यांनी समोर पाहिलं. काचेतून सरळ त्यांचीच खिडकी दिसत होती. मध्ये सहा पावलांची गल्ली, बस्स. पडदा, पडद्याची बोटभर फट, फटीमागचं टेबल, टेबलावरची पाकिटांची चळत. इतकं स्वच्छ दिसत असेल, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

"फिरवा!" मिस्त्रीनं बॉनेट उचलून आवाज दिला. बॉनेट वर झालं आणि खिडकी झाकली गेली. काकूंना उगाच बरं वाटलं.

त्यांनी किल्ली फिरवली.

ढुक्. ढुक्. ढुक्.

मग शांतता. एक श्वास घेण्याइतकी.

ढुक्. ढुक्. ढुक्.

"सोडू नका म्हटलं ना, काकू!"

"अहो, मी कुठं सोडली?" काकूंची बोटं किल्लीवर पांढरी पडली होती. "धरूनच ठेवलीये मी!"

३

मिस्त्री वेडा नव्हता. काकू तर त्याहून नव्हत्या.

"बॅटरी कमी पडली तर इंजिन हळू फिरतं, आणखी हळू फिरतं, मग मरतं," मिस्त्री वहिनींना समजावत होता. त्याच्या हातात मीटर होतं आणि त्याच्या दोन तारा इकडून तिकडं लावणं चाललं होतं. "ही थांबते आणि पुन्हा ताज्या दमानं फिरते. म्हणजे कुठंतरी वीज पोचता पोचता तुटतेय. सापडेल. यंत्र कधी खोटं बोलत नाही. बोलतात ती माणसं."

काकूंनी मान खाली घातली आणि चहाचे कप उगाच सरळ केले.

दुपारपर्यंत त्याला सापडलंच. इंजिनपासून गाडीच्या अंगाला जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी होती. तिला तो अर्थिंगची पट्टी म्हणाला. ती हिरवी पडून कुजली होती. बोट लावताच चुरा झाला. दोन-चार तारांवर कशीबशी लटकत होती.

"हा बघा चोर," मिस्त्रीनं ती वहिनींच्या तळहातावर ठेवली. "बॅटरीतून वीज सेल्फकडं जाते, ती परत यायलाही वाट लागते. ती वाट हीच. थंड असताना एवढ्या तारांवरही फिरतो. तापल्यावर सेल्फ जास्त वीज ओढतो, तेव्हा पुरत नाही. त्या दिवशीचा दोष हाच, लिहून देतो मी."

वहिनी पायरीवर बसल्या. ती हिरवी पट्टी त्यांनी मेलेल्या पाखरासारखी हातात धरली होती.

"म्हणजे आधीपासूनच होता हा दोष."

"वर्ष-दोन वर्षं तरी."

"मग मी परत पाठवलं नसतं, तरी कधी ना कधी..." त्या काकूंकडे वळल्या. "तुम्हाला नाही माहीत, काकू. त्या दिवशी ते चष्म्याच्या दुकानातून आले आणि माझा चष्मा तिथंच विसरून आले. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत जा, मला सुईत दोरा ओवता येत नाही. गाडी तापलेली. ते म्हणाले, थोडी निवू दे. मी म्हटलं, तुमचं नेहमीचंच आहे. आठ महिने हेच घेऊन झोपते मी. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं, दोष गाडीचा की माझा. म्हणून मिस्त्रीला बोलावलं. गाडी फिरवायची हौस थोडीच आहे मला."

काकूंच्या ओठापर्यंत आलं होतं. दोष कुणाचा, यादीत आणखी एक नाव आहे, वहिनी. एवढं एक वाक्य. पण वहिनींनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून मला आधार आहे हो." मग ते वाक्य परत आत गेलं आणि तिथंच आडवं बसलं.

४

मिस्त्रीनं नवी पट्टी बसवली. गाडी तापवली. काकू किल्लीपाशी.

ढुक्. ढुक्. ढुक्. श्वास. ढुक्. ढुक्. ढुक्.

मिस्त्रीनं कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली. मग तो आत वाकून पुन्हा तारा चाचपू लागला.

दोन दिवसांसाठी त्यानं सेल्फ उतरवून स्वतःच्या दुकानात नेला. आतले बुश बदलले, कार्बन बदलले. टेबलावर शिकंज्यात धरून वीज दिली, तर भिंगरीसारखा फिरला म्हणे. गरम करून दिली तरी फिरला. इंजिनच्या मोठ्या चाकाचा एखादा दात झिजला असेल तर सेल्फ तिथं अडेल, म्हणून त्यानं एकेक दात टॉर्चच्या उजेडात तपासला. सगळे धड. मग टायमिंग पाहिलं. ठिणगी वेळेआधी पडली तर तापलेलं इंजिन उलटा धक्का देतं आणि सेल्फ दमतो. इंजिनच्या पुढच्या पुलीवर त्यानं खडूनं पांढरी रेघ मारली आणि डोळा बारीक करून काटा जुळवला. ठिणगी वेळेवर होती. घड्याळवाल्याची गाडी, वेळ चुकेल कशी, असं तो म्हणाला. पण हसला नाही.

त्या दोन दिवसांत काकूंनी खिडकीचा पडदा पूर्ण बंद ठेवला. टेबल वळवून भिंतीकडं केलं. भिंतीकडं तोंड करून पाकिटं चिकटवणं म्हणजे शिक्षा झालेल्या शाळकरी मुलीसारखं. पण करतात काय. संध्याकाळी उजेड कमी झाला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की समोर पाकिटांच्या लहान लहान ढिगल्या झाल्यात. एरवी त्या पंचवीसची चळत लावायच्या. आज प्रत्येक ढिगलीत तीनच. तीन चिकटवायची, थांबायचं, डावा हात मांडीला पुसायचा. दिवसभर हेच केलं होतं त्यांनी. मांडीवर खळीचा पांढरा डाग वाळून कडक झाला होता.

"वय झालं," काकू मोठ्यानं म्हणाल्या. घरात दुसरं कुणी नव्हतं, पण मोठ्यानं म्हटल्याशिवाय पटेना.

मनात गोष्ट बसली की हातही तेच करतात, हे त्यांना कळत होतं. एखादं गाणं नाही का दिवसभर डोक्यात घोळत. तसंच हे. फक्त गाण्याला कुणीतरी गाणारं असतं.

५

"आज हिचे दातच काढतो," तिसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला.

त्यानं गाडी तापवून आणली, दहा मिनिटं थांबला आणि हाताला फडकं गुंडाळून ठिणगीचे चारही प्लग काढले. चार भोकं उघडी झाली. "आता हिच्यात दम कोंडणारच नाही, काकू. हवा आत जाईल तशी बाहेर. अडायला काही उरलंच नाही. एखाद्या पोरानं हँडल मारलं तरी गरागरा फिरेल. फिरवा."

ढुक्.

काकूंनी डोळे मिटले.

ढुक्. ढुक्.

श्वास. आणि या वेळी त्या श्वासात आणखी काहीतरी होतं. प्लग काढल्यामुळे उघड्या भोकांतून हवेचा आवाज येत होता. अडायला काही नसताना, जड वजन उचलणाऱ्या माणसाच्या नाकातून यावा तसा, रोखून सोडलेला.

"बंद करा," मिस्त्री म्हणाला. मोठ्यानं नाही.

तो हात पुसत गाडीच्या दारापाशी आला आणि खाली केलेल्या काचेवर कोपर टेकून उभा राहिला. जवळून त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता.

"एक विचारू? गल्लीतलं तुमच्याइतकं कुणी पाहत नाही, म्हणून विचारतो. घड्याळवाले हँडल मारायचे तेव्हा... तिनाला थांबायचे का हो?"

"मला काय माहीत!" काकूंचा आवाज नको तितका वर गेला. "मला काय तेवढीच कामं आहेत? मी काय बघत बसते का कुणाला?"

आयुष्यात पहिल्यांदा काकूंनी काही पाहिलं नसल्याचं सांगितलं होतं. मिस्त्रीनं त्यांच्याकडं क्षणभर पाहिलं आणि मान हलवली.

"बरोबर. तुम्हाला कसं माहीत असणार." त्यानं प्लग गोळा केले. "उद्या बॅटरीची मोठी वायर बदलतो. तेवढंच उरलंय. त्यानंही नाही झालं तर माझं शास्त्र संपलं. वहिनींना सांगीन, विकून टाका, नाहीतर झाकून ठेवा. पण सुरू करू नका."

६

दुसऱ्या दिवशी ऊन कडक होतं. साडेअकराची वेळ. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या, त्यांच्या भांड्यांचा आवाज येत होता. गाडी तापून आली होती, बॉनेट उघडं होतं. मिस्त्रीनं बॅटरीची दोन्ही टोकं सोडवली, जुनी वायर ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. मग नवी वायर स्कूटरच्या डिकीत राहिली म्हणून तो गल्लीच्या तोंडाशी गेला. "बसून राहा, आलोच," म्हणाला.

काकू बसून राहिल्या. किल्ली त्यांच्या हातात होती. गाडीला लावलेलीसुद्धा नव्हती. जमिनीवर पडलेली वायर त्यांना उघड्या दारातून दिसत होती. गिअर न्यूट्रलमध्ये होता, हातब्रेक ओढलेला होता. हे सगळं त्यांनी नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून खात्री केली.

आधी गाडी किंचित हलली. कुणी पुढून नाकावर वजन टाकावं तशी.

ढुक्.

उघडलेलं बॉनेट आणि काचेचा खालचा काठ यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. काकूंना ती दिसली आणि डोळा आपोआप तिथं गेला. जन्मभराची सवय, फट दिसली की बघायचं. फटीतून इंजिनचा पंखा दिसत होता. तो अर्धा फेरा फिरून थांबला होता.

ढुक्. पंख्याचं पातं पुन्हा सरकलं. ढुक्.

पंख्यापलीकडं, गाडीच्या नाकाशी, खाली वाकलेलं काहीतरी होतं. मिस्त्री आला वाटतं, असं काकूंच्या मनात आलं. पण मिस्त्रीचा शर्ट निळा होता, आणि हा खांदा करड्या कापडातला होता. खांदा वर आला, थांबला. एक हात खाली गेला, काहीतरी पुसल्यासारखा हलला. श्वास ऐकू आला. तो बॉनेटपलीकडून आला की त्यांच्या स्वतःच्या नाकातून, ते काकूंना सांगता येणार नाही.

मग तो सरळ उभा राहिला. फटीतून आता फक्त छातीपर्यंतचं करडं कापड दिसत होतं, सगळं घामानं चिकटलेलं. तोंड दिसलं नाही. हात वर गेला एवढं दिसलं. आणि तो हात काकूंकडे नव्हताच. ते करडं कापड त्यांच्याकडे पाठ करून, गल्लीपलीकडं बघत होतं.

काकू दारातून बाहेर वाकल्या. वाकू नये असं त्यांना कळत होतं. त्यांनी तो हात जिकडं वर झाला होता तिकडं पाहिलं.

त्यांच्या खिडकीचा पडदा बोटभर उघडा होता. चार दिवस त्यांनी तो पूर्ण बंद ठेवला होता, आणि दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोरीत अडकवली होती. ती किल्ली आत्ताही त्यांच्या छातीला टोचत होती. त्या फटीत एका बाईचा अर्धा चेहरा होता. एक डोळा, अर्धा गाल, कानामागं खोचलेले पांढरे केस. तो डोळा हाताकडं बघत होता. मग तो भ्याला. त्या डोळ्यात एवढीच गोष्ट होती: पकडलं.

आणि पडदा पडला.

७

मिस्त्री वायर घेऊन आला तेव्हा काकू गाडीच्या बाहेर शेडच्या खांबाला धरून उभ्या होत्या. तो नाकाशी वाकला आणि तसाच राहिला.

"तुम्ही काही फिरवलंत का इथं?"

"नाही."

"पुलीवरची खडूची रेघ मी वर आणून ठेवली होती. खाली गेलीये." तो बोटांवर मोजू लागला. अर्धा फेरा, खाली. दुसरा, वर. तिसरा, खाली. त्यानं बोटं मिटली. "पंख्याच्या पट्ट्याला माझाच हात लागला असेल," तो म्हणाला. आणि नवी वायर न जोडताच त्यानं बॉनेट खाली घेतलं.

काकू तडक स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

"वहिनी, त्या दिवशी मी घरीच होते."

वहिनी वळल्या.

"मी बघत होते. पडद्यातून. ते हँडल मारत होते. त्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला आणि मी पडदा सोडला. मला वाटलं, पकडलं मला, आता चेष्टा करणार. आत जाऊन भांडी घासत बसले. त्यांना तेव्हा त्रास होत होता, ते मला बोलवत होते, आणि मी..."

वहिनींनी गॅस बंद केला. अगदी सावकाश, बटण नीट शून्यावर आलंय ना, ते बघून.

"त्रास होत नव्हता," त्या म्हणाल्या. "तेव्हा नव्हता. हात करून ते आत आले होते, काकू. इथंच, या माठापाशी उभं राहून पाणी प्यायले. म्हणाले, हँडल मारताना आत कुणीतरी किल्ली धरायला आणि पेडलवर पाय ठेवायला हवं, म्हणजे लगेच पकडेल. समोर काकूंना हात करून पाहिला. मी विचारलं, मग? तर म्हणाले, नाहीत वाटतं घरी."

"नाहीत म्हणाले?"

"घरी नाहीत, असं म्हणाले."

काकूंना घड्याळवाल्यांचा त्या दुपारचा चेहरा आठवत होता. सहा पावलांवरून, डोळ्याला डोळा भिडवून पाहिलेला.

"मी शिंपीणबाईंकडं बोलले होते तेवढं," वहिनी म्हणाल्या. "की त्यांनी समोर हात केला होता, पण समोर कुणी नव्हतं. त्याचं लोकांनी काय केलं, कुणास ठाऊक. मी त्यांना म्हटलं होतं, पाच मिनिटं थांबा, हातातलं संपवून येते मी किल्लीला. ते थांबले नाहीत. चिडलेच होते माझ्यावर, चष्म्यावरून. एकटेच गेले."

"मी तेव्हा आत होते," काकू म्हणाल्या. "नळ सुरू होता. पडताना मी नाही पाहिलं, वहिनी. शपथ घेते. लोक म्हणतात तसं मी पडताना नाही पाहिलं."

"माहीत आहे. मीही नाही पाहिलं." वहिनी खुर्चीत बसल्या. काकूंनी हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला नाही, पण धरलाही नाही. "लोक म्हणतात ना, पडताना कुणीतरी बघत होतं," त्या खिडकीबाहेर, शेडकडं पाहत म्हणाल्या. "तेवढं तरी खरं असतं, तर बरं झालं असतं."